लिव्हरच्या रुग्णाला काय बंद करायचं?

१. पथ्याची यादी

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात येतो, डॉक्टर ‘सिरोसिस’ म्हणतात, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आतच घरचे विचारतात : यांना आता काय काय बंद करायचं? भडगाव असो, पाचोरा असो की धुळे, यादी साधारण एकच तयार होते. तेल-तूप बंद. हळद बंद. डाळ जड म्हणून बंद, अंडी-मटण तर बंदच. रात्रीचं जेवण हलकं, नाहीतर तेही नाही. उरतं काय, तर मुगाचं पाणी, भाताची पेज, उसाचा रस आणि फार तर मऊ खिचडी. ही यादी करणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. ती आली आहे काविळीच्या जुन्या अनुभवातून. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात माणूस पेज प्यायला काय आणि भाकरी खाल्ली काय, ती उतरतेच, पण श्रेय पथ्याला मिळतं. थोड्या दिवसांच्या आजारात असं पथ्य निभावून जातं. तेच पथ्य वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजाराला लावलं की माणूस खंगतो, आणि खंगणं आजाराचंच आहे असं समजून पथ्य आणखी कडक केलं जातं.

सिरोसिस म्हणजे लिव्हरच्या मऊ मांसात जागोजागी व्रणाचे कडक चट्टे पडणं. दारूने ते पडतात, हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी पडतात, आणि आता मधुमेह व लठ्ठपणाबरोबर लिव्हरमध्ये साठणाऱ्या चरबीनेही पडतात. कारण कोणतंही असो, पुढची वाट सारखीच आहे, आणि त्या वाटेवर स्नायू झडणं ही सर्वांत दुर्लक्षित घटना आहे. या प्रकरणातलं माझं म्हणणं एवढंच आहे : जुन्या लिव्हरच्या आजारात माणूस उपाशी पडतो, विशेषतः रात्री, आणि उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. म्हणून घरच्यांनी पहिल्यांदा विचारायला हवं ते ‘काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं’ हे. बंद करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दारू, तीही पूर्ण. वरून खाल्लं जाणारं खारट. डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि अनोळखी जडीबुटी. भाजीतल्या चिमूटभर हळदीने काविळीत काही बिघडत नाही. डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिन या रंगद्रव्यामुळे, हळदीमुळे नाही.

२. रात्री लिव्हर काय करतं

जेवण पचलं की त्यातली साखर रक्तातून लिव्हरमध्ये येते आणि ग्लायकोजेन या रूपात तिथे साठते. निरोगी लिव्हरमध्ये असा सुमारे १०० ग्रॅम साठा मावतो. दोन जेवणांच्या मधे आणि रात्रभर लिव्हर तो थोडा थोडा सोडत राहतं, कारण मेंदूला झोपेतही साखर लागते. दिवसाकाठी त्याची गरज १०० ते १२० ग्रॅमची असते. गिरणाकाठच्या शेतकऱ्याला हे गणित नवीन नाही. पावसाळ्यात धरणात पाणी अडतं, पुढे पाटाला आवर्तनं सुटतात, म्हणून रब्बी उभी राहते. धरण गाळाने भरलं तर पाऊस तेवढाच पडूनही साठा कमी होतो, आवर्तन लवकर आटोपतं आणि शेतकरी विहीर उपसायला लागतो. सिरोसिसच्या लिव्हरचं नेमकं तेच होतं. चट्ट्यांनी जागा व्यापलेली, काम करणाऱ्या पेशी थोड्या, साठा तुटपुंजा. पहाट व्हायच्या आत तो संपत येतो आणि शरीर विहिरीकडे वळतं. ती विहीर म्हणजे दंड, मांड्या आणि पाठ इथले स्नायू.

इथे कोणीही विचारेल की अंगावर चरबी असताना शरीर स्नायूंना का हात लावतं? चरबी जळते, भरपूर जळते. पण चरबीपासून साखर जवळजवळ बनत नाही. प्रथिनांपासून बनते, आणि प्रथिनांचं मोठं कोठार म्हणजे स्नायू. हा व्यवहार फार महागाचा आहे. १०० ग्रॅम स्नायूंत प्रथिनं असतात सुमारे २० ग्रॅम, बाकी बहुतेक पाणीच. त्या २० ग्रॅम प्रथिनांतून साखर निघते फार तर ११-१२ ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच चमचे. रोज मोडलेला सगळा स्नायू कायमचा जातो असं नाही, दिवसा खाल्लेल्या अन्नातून काही भरून निघतो. पण मोडणं रोजचं आणि भरणं अपुरं, असा हिशोब महिनोन्‌महिने चालला तर तोटा अंगावर दिसू लागतो. १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सिरोसिसच्या रुग्णांचं शरीर रात्रभराच्या उपासानंतर कोणतं इंधन जाळतं ते मोजलं. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर ज्या अवस्थेला पोचतो, ती अवस्था या रुग्णांना एका रात्रीत गाठत होती. म्हणजे रात्री ८ ला जेवून सकाळी १० ला नाश्ता करणारा सिरोसिसचा रुग्ण दर दिवशी दोन-तीन दिवसांच्या उपासातून उठतो.

३. स्नायू गेले तर काय गेलं

स्नायू म्हणजे ताकद, एवढंच आपण धरून चालतो. लिव्हरच्या आजारात त्यांच्यावर आणखी एक काम येऊन पडतं. प्रथिनं मोडताना आणि आतड्यातल्या जंतूंकडून शरीरात अमोनिया तयार होतो. एरवी लिव्हर त्याचं युरिया करून लघवीवाटे बाहेर टाकतं. लिव्हर थकलं की अमोनिया रक्तात वाढतो, मेंदूपर्यंत जातो, आणि माणूस दिवसा पेंगायला लागतो, रात्री जागा राहतो, बोलताना गोंधळतो, हात पसरले की पंजे फडफडतात. अशा वेळी अमोनिया उचलून त्याचं निरुपद्रवी ग्लुटामिन बनवणारा मोठा पर्याय म्हणजे स्नायू. स्नायू जितके कमी, तितका अमोनिया मोकळा. दुष्टचक्र असं की वाढलेला अमोनिया स्वतःच नव्या स्नायूंची घडण रोखतो. शिवाय स्नायू झडलेल्या रुग्णांत जंतुसंसर्ग जास्त होतात, पडणं-झडणं वाढतं, दवाखान्याच्या खेपा वाढतात आणि आयुष्यही कमी भरतं. प्रत्यारोपणासाठी कोणी मुंबई-पुण्याला गेलंच, तर शस्त्रक्रिया सोसण्याची ताकदही याच स्नायूंत असते. वेगवेगळ्या अभ्यासांत सिरोसिसच्या रुग्णांपैकी ३० ते ७० टक्के लोकांत स्नायूंची अशी झीज आढळली आहे.

४. वजनकाटा का फसवतो

‘वजन तर वाढलंय, मग कुपोषण कसलं?’ हा प्रश्न रास्त आहे. पोटात पाणी झालेल्या माणसाचा काटा वर जातो तो पाण्यामुळे. त्याच वेळी खाली मांड्या वाळत असतात. म्हणून काटा बाजूला ठेवून माणसाकडे बघावं. कानशिलाच्या वरचा भाग खोल गेलाय का? गळ्याखालची हाडं वर आलीत का? अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवल्यावर त्यांच्या मुळाशी हाताच्या पाठीवर जो मांसल उंचवटा येतो, तो अजून येतो का, की तिथे खड्डा पडलाय? बांगडी कोपराकडे सरकते का, सदऱ्याची बाही दंडावर लोंबते का? हे कोणत्याही यंत्राशिवाय ओसरीवर बसून बघता येतं. आणखी एक सोपी चाचणी आहे. हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद घटली आहे असं आशियाई देशांसाठीचे निकष सांगतात. मुठीची पकड मोजायचं साधं उपकरणही मिळतं. पुरुषांत २८ किलोच्या आणि स्त्रियांत १८ किलोच्या खाली पकड आली तर ती कमी समजतात.

खाण्याचा हिशोब करायला मात्र वजन लागतं, आणि ते पाणी वजा करून लागतं. पोटात थोडं पाणी असेल तर काट्यावरच्या वजनातून ५ टक्के, मध्यम असेल तर १०, खूप असेल तर १५ टक्के वजा करतात. पायांवर सूज असेल तर आणखी ५. समजा काटा ६४ किलो दाखवतो, पोटात मध्यम पाणी आहे आणि पाय सुजलेत. वजा १५ टक्के, म्हणजे साडेनऊ किलो. खरा माणूस ५४ किलोचाच निघाला.

५. किती, आणि केव्हा

युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सिरोसिसच्या रुग्णासाठी दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, आणि जो लठ्ठ नाही त्याला ३५ कॅलरी. भारतातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये आहारावर स्वतंत्र निवेदन काढलं. निरोगी माणसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिनं पुरतात. या रुग्णाला त्याहून जास्त लागतात. आपल्या ५४ किलोच्या माणसाला रोज ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि १९०० च्या आसपास कॅलरी हव्यात. मुगाच्या पाण्यावर हा आकडा कधीच गाठता येणार नाही. घरच्या ताटातून मात्र येतो. दिवसभरात साठ-साठ ग्रॅम पिठाच्या तीन भाकरी धरल्या तर १८ ग्रॅम प्रथिनं. दोन्ही जेवणांत मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ किंवा मटकी, १४ ग्रॅम. दोन अंडी, १२. पाव-पाव लिटर दूध दोनदा, १६. वाटीभर दही, ५. मूठभर फुटाणे, ६. झाले ७१. अंडी न खाणाऱ्या घरात तेवढंच पन्नास-साठ ग्रॅम पनीर आणि थोड्या शेंगदाण्यांतून भरून काढता येतं. कळण्याची भाकरी तर या कामासाठीच घडवल्यासारखी आहे, कारण ज्वारीबरोबर उडीद दळला जातो आणि भाकरीतली प्रथिनं वाढतात. फक्त पुष्कळ घरी कळणात मीठही घालतात. रुग्णासाठी दळताना ते वगळावं. भाजीत दोन-तीन चमचे तेलही हवं, नाहीतर कॅलरी पुऱ्या पडत नाहीत.

‘केव्हा’ हा प्रश्न ‘किती’पेक्षाही महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, आणि त्याला पुरावा आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १०३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना नेहमीच्या जेवणाशिवाय रोज सुमारे ७०० कॅलरींचं पेय दिलं. एका गटाने ते दिवसा घ्यायचं, दुसऱ्याने रात्री ९ नंतर. पेय तेच, माप तेच. वर्षअखेरीस रात्रीच्या गटाच्या शरीरात सुमारे दोन किलो मांस भरेल इतकी प्रथिनं वाढली होती, दिवसाच्या गटात तशी वाढ झाली नाही. या एका प्रयोगावरून आयुष्य वाढतं असं म्हणता येणार नाही. तो त्यासाठी नव्हताच. पण मागे पाहिलेल्या रात्रीच्या हिशोबाशी त्याचा निकाल तंतोतंत जुळतो. म्हणून झोपताना किमान ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत अशी शिफारस असते. एक भाकरी पाव लिटर दुधात कुस्करली की ५० ग्रॅम भरतात, वर प्रथिनं मिळतात ती वेगळीच. मधुमेह असेल त्याने साखर-गूळ घालू नये आणि गोळ्या-इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांकडून जुळवून घ्यावी, पण झोपतानाचं खाणं त्यालाही हवंच. सकाळी उठल्यावर तासाभरात पुन्हा काहीतरी, आणि दिवसभरात तीन-चार तासांपेक्षा मोठी रिकामी वेळ नको. हे ओझं नव्या स्वयंपाकाचं नाही. एरवीच्याच तीन भाकऱ्यांपैकी एक झोपतानासाठी राखायची आहे.

६. घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप घरातला : लिव्हर आजारी आहे, त्याला आराम हवा. तर्क सरळ दिसतो, पण लिव्हरला उपासात आराम मिळत नाही. पोट रिकामं असताना स्नायूंतून आलेल्या प्रथिनांची साखर बनवण्याचं किचकट काम लिव्हरलाच करावं लागतं. थोडं थोडं, वारंवार खाणं हाच त्याचा भार हलका करायचा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो एके काळी वैद्यकशास्त्राचाच होता. प्रथिनांतून अमोनिया होतो, अमोनियाने माणूस बेशुद्धीकडे जातो, म्हणून प्रथिनं तोडा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक वर्षं रुग्णालयांत असंच चालायचं, आणि जुन्या डाएटच्या चिठ्ठ्यांत अजून दिसतं. २००४ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी ते तपासून पाहिलं. अमोनियामुळे गोंधळलेल्या रुग्णांपैकी काहींना प्रथिनं कमी दिली, काहींना पहिल्या दिवसापासून नेहमीएवढी. दोन्ही गटांच्या शुद्धीत फरक पडला नाही. कमी प्रथिनांच्या गटात शरीराची स्वतःची प्रथिनं मात्र जास्त मोडली. त्याहून आपल्या जवळचा अभ्यास दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातला, २०१६ चा. सिरोसिसच्या १२० रुग्णांत मेंदूवर सौम्य परिणाम झालेला होता. तो वरून दिसत नाही, चाचणीत कळतो. निम्म्यांना किलोमागे ३० ते ३५ कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम वनस्पतिजन्य प्रथिनं असा आहार सहा महिने दिला. त्यांच्यापैकी ७१ टक्क्यांचा तो परिणाम नाहीसा झाला, नेहमीचाच आहार चालू ठेवणाऱ्यांत २३ टक्क्यांचा. डाळी आणि दूध या रुग्णांना मांसापेक्षा बरे सोसतात, कारण डाळींबरोबर तंतू येतात आणि पोट साफ राहतं. बद्धकोष्ठ हे गोंधळाचं एक मोठं निमित्त असतं. आक्षेपातला खरा भाग एवढाच : माणूस झोपाळलेला असेल, हाक मारल्यावर नीट उत्तर देत नसेल, तर त्याच्या तोंडात घास घालू नका. घास श्वासनलिकेत जाईल. त्याला लगेच दवाखान्यात न्या.

मिठाचा प्रश्न उरतो. पोटात पाणी असलेल्याला दिवसाला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, एवढंच मीठ सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण सगळं मीठ काढून घेतलेलं ताट रुग्ण अर्धं टाकतो, आणि मग मीठ वाचलं पण माणूस उपाशी राहिला. खानदेशात जास्तीचं मीठ कुठून येतं ते बघितलं तर तोडगा निघतो : पापड, बिबडे, लोणचं, शेव, ताटातला ठेचा. पापडखारातही मिठासारखाच सोडियम असतो. हे काढलं तर भाजीत बेताचं मीठ राहू देता येतं, आणि लिंबू, कोथिंबीर, लसूण, जिरं यांना काहीच बंदी नाही.

शरीराने जाड असलेल्यांनाही यातून सूट नाही. मधुमेह आणि चरबीतून सिरोसिस झालेल्या जाड माणसाचे स्नायू चरबीखाली झडत असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या कॅलरी कमी कराव्यात, प्रथिनं करू नयेत. प्रोटीन पावडरींबद्दल एवढंच सांगतो की जेवण अजिबात जात नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या उपयोगी पडतात, पण ताटातली डाळ-दूध कापून त्या पैशांत डबा आणणं तोट्याचं आहे. नसेतून दिलेली अल्ब्युमिन या प्रथिनाची बाटली हे औषध आहे, जेवणाची जागा ती घेत नाही. आणि खाल्लेलं अंगी लागायला हालचाल लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू खाऊनही झडतात. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज चालणं आणि खुर्चीतून उठ-बस हवीच.

उपासांबद्दलही बोलायला हवं. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे यांमागची श्रद्धा मोठी आहे, आणि आजाऱ्याला सूट देण्याची वाटही या परंपरांतच आहे. ज्याचं शरीर रोजच पहाटे उपाशी होतं त्याने ही सूट निःशंक घ्यावी. मन मानत नसेल तर उपासाच्या दिवशी निदान भगर, राजगिरा, शेंगदाणे आणि दूध दर तीन तासांनी घ्यावं. नुसत्या साबुदाण्यात प्रथिनं नसल्यासारखीच असतात.

७. दवाखान्यानेच घडवलेला उपास

एक उपास मात्र रुग्णाने धरलेला नसतो. ‘सकाळी उपाशीपोटी या’ असं सांगितलेलं असतं. भडगावहून जळगावला किंवा धुळ्याला जायचं तर घर पहाटे सोडावं लागतं. आदल्या रात्री ८ ला जेवलेला माणूस नंबर लागेपर्यंत, रक्त देईपर्यंत, सोनोग्राफी होईपर्यंत दुपारी २ वाजता पहिला घास घेतो. अठरा तास झाले. सिरोसिसच्या माणसाला हे परवडत नाही. आदल्या रात्री उशिरा दूध-भाकरी द्यावी, लिव्हरचा आजार आहे हे सांगून सकाळी लवकरची वेळ मागावी, कोणत्या तपासणीला खरंच उपाशीपोट लागतं ते आधीच विचारावं, आणि डबा सोबत ठेवून तपासणी संपताच तिथेच खायला द्यावं. भरती झालेल्या रुग्णाच्या एकामागून एक तपासण्या उपाशीपोटी लागत असतील तर नातेवाइकांनी डॉक्टरांना मधल्या खाण्याबद्दल विचारण्यात संकोच करू नये.

आहार हाही उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व क्षयरोगाच्या बाबतीत सरकारने मान्य केलं आहे. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये आहारासाठी मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. त्याच २०१८ साली राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि हिपॅटायटिस बी व सी ची महागडी औषधं मोफत मिळू लागली. मोठं काम झालं. पण औषध घेऊन घरी जाणाऱ्या त्याच रुग्णाच्या हातात जेवणासाठी पैसे नाहीत आणि बहुतेकदा काय खावं याची चिठ्ठीही नाही. सिरोसिसच्या गरीब रुग्णाला आहाराची मदत क्षयरुग्णासारखीच मिळायला हवी, आणि ती मागण्याइतका आधार वर दिलेल्या अभ्यासांत आहे. ती मिळेपर्यंतही ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तीन गोष्टी आजपासून करता येतील. दर भेटीला पाणी वजा करून वजन लिहिणं, खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागले ते लिहिणं, आणि औषधांच्या चिठ्ठीवर शेवटी ‘रात्री झोपताना दूध-भाकरी’ असं मराठीत लिहून देणं.